रडी, फितुरी आणि शेत खाणारे कुंपण : क्रिकेटमधील गैरप्रकार व चाहत्यांच्या प्रतिक्रियेची चिकित्सा

प्रस्तावना

आपल्या आवडत्या संघाने लबाडी केल्याचे उघडकीस आले, म्हणजे चाहता काय करतो? या प्रश्नाची दोन ठरीव उत्तरे क्रीडाविषयक लेखनात आढळतात. पहिल्यानुसार चाहता भाबडा असतो. तो चार दिवस संतापतो आणि पाचव्या दिवशी सर्व विसरून पुन्हा दूरचित्रवाणीसमोर बसतो. दुसऱ्यानुसार तो विश्वासघाताचा बळी असतो आणि त्याचे दुःख खरे असते. या दोन्ही उत्तरांत चाहत्याच्या भावनेचा विचार आहे. त्याच्या विवेकाचा नाही. प्रस्तुत लेखाची भूमिका अशी की, चाहत्याची प्रतिक्रिया हा एक निवाडा असतो. दोष कोणाच्या पदरात घालावयाचा आणि कोणाला मोकळे सोडावयाचे, हे तो ठरवीत असतो. हा निवाडा कोणत्या शब्दांत दिला जातो हे पाहिले, तर त्यातील न्याय आणि अन्याय दोन्ही स्पष्ट होतात.

या विवेचनासाठी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली हा परिसर समोर ठेवला आहे. त्याचे कारण केवळ सान्निध्य नव्हे. डोंबिवलीत वाढलेला, शाळकरी वयात लोकलने मुंबईच्या मैदानांवर जाणारा अजिंक्य रहाणे हा या परिसराचा सर्वांत परिचित क्रिकेटपटू. त्याच्यावर कधीही कोणताही आरोप झालेला नाही. तथापि गेल्या काही वर्षांतील दोन मोठ्या प्रकरणांच्या वेळी तो त्या संघाच्या अगदी आत उभा होता. मे २०१३ मध्ये राजस्थान रॉयल्सच्या ३ खेळाडूंना अटक झाली, तेव्हा तो त्याच संघात होता. मार्च २०१८ मध्ये चेंडू कुरतडण्याच्या प्रकरणामुळे स्टीव्ह स्मिथला राजस्थानचे कर्णधारपद सोडावे लागले, तेव्हा ते पद रहाणेकडे आले. त्यामुळे ‘आपला माणूस’ आणि ‘कलंकित संघ’ यांचे नाते येथील चाहत्याला दूरचे राहिले नाही. प्रस्तुत लेख हे सांख्यिकीय सर्वेक्षण नव्हे. सार्वजनिक घटना आणि त्यांविषयी वापरली जाणारी भाषा यांची ही चिकित्सा आहे.

शब्दांची साक्ष

खेळातील लबाडीसाठी मराठीत जुना शब्द आहे तो ‘रडी’. बाद झाल्यावरही बाद नसल्याचा हेका धरणारा, धावांची मोजणी फुगविणारा मुलगा रडी खातो. त्याला डावाबाहेर बसविले जाते, क्वचित डावच मोडतो. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तोच मुलगा बॅट घेऊन हजर असतो आणि त्याला खेळविलेही जाते. रडीला क्षमा मिळते, कारण तिच्या मुळाशी जिंकण्याची हाव असते आणि ती हाव सर्वांच्याच ठायी असते.

‘फितुरी’ हा शब्द मैदानावरचा नव्हे. तो बखरींतून आणि किल्ल्यांच्या इतिहासातून आलेला आहे. फितूर होणारा स्वतःच्या बाजूसाठी लबाडी करीत नाही. तो स्वतःच्याच बाजूचा दरवाजा परक्याच्या पैशासाठी उघडतो. म्हणूनच फितुराला परतीची वाट नसते.

तिसरा प्रकार एका म्हणीत सामावलेला आहे : कुंपणच शेत खाते. येथे जिंकण्याची हाव नाही आणि शत्रूला विकले जाणेही नाही. ज्याने राखावयाचे त्यानेच ओरबाडावयाचे, असा हा अधिकारपदाचा अपराध आहे.

या तीन संज्ञा लावून पाहिल्यास एरवी ‘घोटाळा’ या एकाच शब्दाखाली गोळा होणाऱ्या घटना वेगळ्या होतात. मार्च २०१८ मध्ये केपटाऊन कसोटीत ऑस्ट्रेलियाच्या खेळाडूंनी सँडपेपरने चेंडू घासला, ती रडी. पैसे घेऊन ठरावीक षटकात ठरावीक धावा देणे ही फितुरी. संघाच्या मालकवर्गातील व्यक्तीने त्याच स्पर्धेवर सट्टा लावणे हे कुंपणाचे शेत खाणे. चाहत्याकडे हे तिन्ही शब्द वापरात आहेत. प्रश्न असा की, त्याने ते कोणासाठी वापरले आणि कोणासाठी वापरले नाहीत?

२००० : फितुरीचा पहिला धक्का

एप्रिल २००० मध्ये दिल्ली पोलिसांनी दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचे सट्टेबाजाशी झालेले संभाषण उघड केले. प्रथम नकार देणाऱ्या क्रोनिएने काही दिवसांतच पैसे घेतल्याची कबुली दिली. त्यानंतर केंद्रीय अन्वेषण विभागाच्या चौकशीत भारतीय खेळाडूंची नावे पुढे आली. डिसेंबर २००० मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने महंमद अझरुद्दीन व अजय शर्मा यांच्यावर आजीव, तर अजय जडेजा व मनोज प्रभाकर यांच्यावर प्रत्येकी ५ वर्षांची बंदी घातली. पुढे जडेजावरील बंदी दिल्ली उच्च न्यायालयाने २००३ मध्ये आणि अझरुद्दीनवरील बंदी आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये रद्द ठरविली. त्यापूर्वीच, २००९ मध्ये, अझरुद्दीन मोरादाबादमधून लोकसभेवर निवडून आले होते.

या काळातील चाहत्यांचा संताप खरा होता. ज्या सामन्यांसाठी कार्यालयातून रजा काढली, ज्यांच्या आठवणी जिवापाड जपल्या, ते सामने मुळात खरे होते काय, ही शंका भूतकाळालाही ग्रासून टाकणारी होती. पराभव पुढच्या सामन्यात भरून निघतो. फितुरीच्या शंकेने जुना विजयही हातून जातो. तथापि मार्च २००१ मध्ये कोलकात्याच्या कसोटीत भारताने फॉलोऑननंतर ऑस्ट्रेलियाला हरविले आणि श्रद्धा पुन्हा जागेवर आली. बंदीच्या निर्णयाला तेव्हा ४ महिनेही झाले नव्हते.

हे पुनरागमन भाबडेपणाचे लक्षण मानले जाते. येथे थोडे निराळे म्हणावयाचे आहे. चाहत्याने कलंकाचे विस्मरण केले नाही. त्याने कलंक काही नावांपुरता मर्यादित केला. ती नावे संघातून गेली, त्यामुळे संघ शुद्ध झाला, असा हा हिशोब होता. तो अगदीच चुकीचा नव्हता. परंतु ज्या मंडळाच्या कारभारात हे घडले, त्या मंडळाला या हिशोबात कोणताच रकाना नव्हता. ही उणीव १३ वर्षांनी महागात पडली.

२०१३ : तीन नावे आणि एक मौन

१५ मे २०१३ रोजी वानखेडे स्टेडियमवर मुंबई इंडियन्स आणि राजस्थान रॉयल्स यांचा सामना झाला. त्याच रात्रीनंतर दिल्ली पोलिसांनी एस. श्रीशांत, अंकित चव्हाण आणि अजित चंडिला यांना मुंबईत अटक केली. ठरलेल्या षटकात ठरावीक धावा देण्याचा आणि त्यासाठी खुणा करण्याचा आरोप त्यांच्यावर होता. अंकित चव्हाण हा मुंबईच्या रणजी संघातील डावखुरा फिरकी गोलंदाज. मुंबईच्या मैदानांवर घडलेला हा मुलगा होता, म्हणून ठाणे-कल्याण परिसरातील क्रिकेटवर्तुळाला ही बातमी अधिक लागली. सप्टेंबर २०१३ मध्ये मंडळाने श्रीशांत व चव्हाण यांच्यावर आजीव बंदी घातली. चंडिलावरील निर्णय जानेवारी २०१६ मध्ये झाला. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने तिघांनाही फौजदारी खटल्यातून मुक्त केले. श्रीशांतवरील आजीव बंदी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१९ मध्ये बाजूला ठेवली आणि ती पुढे ७ वर्षांवर आली; चव्हाणची बंदीही त्याच मापाने कमी झाली.

याच मे महिन्यात दुसरी घटना घडली. चेन्नई सुपर किंग्जशी संबंधित गुरुनाथ मय्यप्पन यांना मुंबई पोलिसांनी सट्ट्याच्या आरोपावरून अटक केली. ते मंडळाचे तत्कालीन अध्यक्ष एन. श्रीनिवासन यांचे जावई होते आणि चेन्नईचा संघ श्रीनिवासन यांच्या इंडिया सिमेंट्स या कंपनीचा होता. २२ जानेवारी २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मय्यप्पन आणि राजस्थान रॉयल्सचे सहमालक राज कुंद्रा यांचा सट्ट्यातील सहभाग सिद्ध झाल्याचे मानले. मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना आयपीएलमध्ये व्यापारी हितसंबंध ठेवू देणारी नियमदुरुस्तीही न्यायालयाने रद्द केली. जुलै २०१५ मध्ये न्या. लोढा समितीने दोन्ही संघांना २ वर्षे निलंबित केले.

येथे कुंपणाने शेत खाल्ले होते आणि ते देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते. तरीही प्रकरणाची आठवण काढली की सर्वसाधारण चाहत्याच्या तोंडी प्रथम येते ते श्रीशांतचे नाव आणि कमरेला खोचलेला रुमाल. मालकांची नावे आठवावी लागतात. नियमदुरुस्तीचा तर उल्लेखही होत नाही. फितुरीचा शब्द तीन गोलंदाजांसाठी तात्काळ सापडला. कुंपणाची म्हण मात्र कोणी उच्चारली नाही. ज्यांना न्यायालयाने फौजदारी आरोपांतून मुक्त केले ते लोकस्मृतीत दोषी राहिले, आणि ज्यांचा सहभाग सिद्ध झाला ते विस्मृतीत गेले. चाहत्याच्या निवाड्यातील अन्याय तो हाच.

२०१८ : पुण्यातील सामना

निलंबन संपवून दोन्ही संघ २०१८ मध्ये परतले. त्या वर्षी कावेरी पाणीतंट्यावरील आंदोलनामुळे चेन्नईचे घरचे सामने पुण्याजवळच्या गहुंजे येथे हलविण्यात आले. २० एप्रिल २०१८ रोजी तेथे चेन्नई व राजस्थान हेच दोन संघ एकमेकांसमोर आले आणि राजस्थानचे नेतृत्व रहाणे करीत होता. या सामन्यासाठी चेन्नईच्या चाहत्यांची एक विशेष रेल्वेगाडी पुण्यास आली. पिवळ्या पोशाखातील हजारभर माणसे रात्रभर प्रवास करून एका निलंबित होऊन परतलेल्या संघासाठी आली, ही घटना चाहत्यांच्या मानसशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. तिच्याकडे तुच्छतेने पाहणे सोपे आहे. परंतु त्या माणसांनी सट्टा लावलेला नव्हता आणि नियम बदललेले नव्हते. मालकाच्या अपराधासाठी २ वर्षे संघ गमावण्याची शिक्षा त्यांनी भोगली होती. त्यांच्या आनंदाला हरकत घेता येत नाही. हरकत आहे ती त्या आनंदातून निघालेल्या निष्कर्षाला : संघ परतला, म्हणजे प्रकरण मिटले.

चेन्नईने २७ मे २०१८ रोजी वानखेडेवर अंतिम सामना जिंकला. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यातच असलेल्या पालघरचा शार्दूल ठाकूर त्या संघात होता, त्यामुळे या परिसरातही कौतुक झाले. त्याच मे महिन्यात ठाणे पोलिसांच्या खंडणीविरोधी पथकाने डोंबिवलीत आयपीएलच्या सामन्यांवर सट्टा घेणाऱ्यांना अटक केली. जूनच्या आरंभी हिंदी चित्रपटसृष्टीतील एका परिचित अभिनेत्याचा जबाब ठाण्यात नोंदविला गेला. एकाच महिन्यात, एकाच रेल्वेमार्गावर, परतलेल्या संघाचा जल्लोष आणि सट्ट्यावरील छापा या दोन्ही गोष्टी घडल्या आणि त्यांचा परस्परांशी काही संबंध असल्याचे फारसे कोणाला वाटले नाही.

ह्यूस्टनची रडी : एक तुलना

अमेरिकेतील बेसबॉलमधील एक प्रकरण येथे उद्बोधक ठरते. बेसबॉलमध्ये चेंडू कोणत्या प्रकारचा टाकावा हे चेंडूफेक्याला त्याचा सहकारी बोटांच्या खुणांनी सांगतो. २०१७ मध्ये ह्यूस्टन अ‍ॅस्ट्रोज या संघाने मैदानातील कॅमेऱ्याच्या साहाय्याने प्रतिपक्षाच्या या खुणा टिपल्या आणि कचऱ्याचा डबा बडवून आपल्या फलंदाजाला आगाऊ सूचना दिली. त्याच वर्षी हा संघ विजेता झाला. संघाच्या एका माजी खेळाडूने नोव्हेंबर २०१९ मध्ये हे उघड केले. जानेवारी २०२० मध्ये संघाला ५० लाख डॉलर दंड झाला; व्यवस्थापक व महाप्रबंधक यांना वर्षभरासाठी निलंबित करण्यात आले आणि संघाने दोघांनाही काढून टाकले. चौकशीत सहकार्य करण्याच्या बोलीवर खेळाडूंना मात्र शिक्षा झाली नाही आणि विजेतेपदही काढून घेतले गेले नाही.

अन्य शहरांतील प्रेक्षकांनी पुढे या संघाची हुर्यो उडविली, डबे वाजविले. ह्यूस्टनमध्ये मात्र संघाची बाजू घेणारे पुष्कळ होते. आमच्या संज्ञेत सांगावयाचे तर ही शुद्ध रडी होती आणि रडीचा लाभ चाहत्यालाही मिळाला होता. चोरीच्या मालात वाटा मिळालेल्याने चोरीचा निषेध करणे अवघड असते. आपल्याकडील स्थिती याच्या उलट होती. येथे चाहता लाभार्थी नव्हता, फसलेला पक्ष होता. निषेध करण्यास तो पूर्णपणे मोकळा होता. शिक्षेचे वाटपही उलटे झाले. तेथे अधिकारी गेले व खेळाडू राहिले. येथे तीन खेळाडूंवर बंदी आली. श्रीनिवासन तर जून २०१४ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेचे अध्यक्ष झाले. आपल्या चाहत्याच्या मौनाचा विचार या पार्श्वभूमीवर झाला पाहिजे.

‘सगळं फिक्स असतं’

या मौनाला एक वाक्य झाकून टाकते. कल्याणहून मुंबईकडे जाणाऱ्या गाडीत, कट्ट्यावर, महाविद्यालयाच्या उपहारगृहात ते ऐकू येते : सगळं फिक्स असतं. वरवर पाहता ही कठोर टीका वाटते. वस्तुतः ती सर्वांना दिलेली माफी आहे. सर्वच दोषी असतील, तर कोणा एकाला जाब विचारण्याचे कारण उरत नाही. शिवाय हे वाक्य बहुधा पराभवानंतर उच्चारले जाते. आपला संघ जिंकला त्या रात्री ते कोणी म्हणत नाही. म्हणजे हा संशय सत्याच्या शोधातून आलेला नसतो. पराभवाचे दुःख सुसह्य करण्याची ती युक्ती असते.

दुसरे आवरण भक्तीच्या परिभाषेचे आहे. मराठी क्रीडालेखनाने लॉर्ड्सला क्रिकेटची पंढरी केले, फलंदाजाला देव केले आणि प्रेक्षकाला भक्त. या भाषेने खेळाला घरात जागा मिळवून दिली, हे तिचे श्रेय. परंतु या भाषेत अपराध हा ‘पाप’ म्हणूनच मांडता येतो आणि पाप व्यक्तीचे असते. देवस्थानच्या विश्वस्तांचा हिशोब भक्त तपासीत नाही; दर्शनाची रांग सुरू राहिली की तो समाधानी असतो. नियामक मंडळ, त्याची घटना, हितसंबंधांचे नियम यांविषयी बोलण्यासाठी लागणारी भाषा या परिभाषेत तयारच झाली नाही. कुंपणाची म्हण शेतकऱ्याची आहे, भक्ताची नाही. ती उच्चारावयाची तर शेतात आपला काही हक्क आहे असे वाटावे लागते.

कायद्याच्या दृष्टीने चाहता

हा हक्क कायदा देत नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. कर्नाटक प्रीमियर लीगमधील सामनानिश्चितीच्या प्रकरणात कर्नाटक उच्च न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये आरोपपत्र रद्द केले. प्रेक्षकांना आपण फसविले गेलो असे वाटू शकेल; परंतु तिकीट ते स्वेच्छेने घेतात, त्यामुळे भारतीय दंडविधानाच्या कलम ४२० मधील फसवणुकीचे घटक पूर्ण होत नाहीत, असा न्यायालयाच्या विवेचनाचा आशय होता. अमेरिकेतही २०१० मध्ये एका अपील न्यायालयाने असाच निर्णय दिला होता. न्यू इंग्लंड पेट्रियट्स या फुटबॉल संघाने प्रतिपक्षाच्या खुणांचे चोरून चित्रीकरण केल्याबद्दल एका तिकीटधारकाने दावा लावला होता; तिकिटाने त्यास आसन आणि सामना पाहण्याचा हक्क मिळाला, त्याहून अधिक नाही, असे त्या न्यायालयाने मानले.

थोडक्यात, फसलेल्या चाहत्याला दाद मागण्यासाठी न्यायालय नाही. त्याच्या हाती उरते ते एकच साधन : त्याचा सार्वजनिक निवाडा. तो निवाडा ज्या शब्दांत दिला जाईल, तेवढीच जरब व्यवस्थेला बसेल. म्हणून चाहता कोणास काय म्हणतो, हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही.

परिसरातील मैदाने

या निवाड्याचा परिणाम सर्वांत खाली होतो. ठाण्याचे सेंट्रल मैदान, कल्याणचे सुभाष मैदान येथे सरावास येणाऱ्या मुलांना प्रकरणांतून एक धडा मिळतो. पकडला गेलेला खेळाडू नाहीसा होतो. संघ, मालक व स्पर्धा राहतात. या परिसरातील टेनिस चेंडूच्या स्पर्धांना आता मोठे व्यापारी रूप येत आहे. मार्च २०२४ मध्ये इंडियन स्ट्रीट प्रीमियर लीगचा पहिला हंगाम ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर झाला. संधी वाढणे स्वागतार्हच आहे. परंतु जेथे पैसा येतो तेथे सट्टाही येतो, हे डोंबिवलीतील छाप्याने दाखविले आहे. अशा ठिकाणी राखणदार कोण आणि त्याच्यावर लक्ष कोणाचे, हा प्रश्न खेळाडूच्या चारित्र्याइतकाच महत्त्वाचा आहे. खेळाडूंना प्रामाणिकपणाची व्याख्याने देऊन तो सुटणार नाही.

समारोप

चाहत्याने संघाला क्षमा करू नये, असा या विवेचनाचा निष्कर्ष नाही. क्षमा हा खेळाचाच भाग आहे. रडी खाल्लेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी खेळविले नसते, तर कोणत्याच गल्लीत डाव उभा राहिला नसता. फितुरीचा संतापही योग्यच आहे, मात्र तो पुराव्याच्या मर्यादेत राहिला पाहिजे आणि शिक्षा भोगून झालेल्या माणसाला परत येण्याची वाट मिळाली पाहिजे. आक्षेप आहे तो तिसऱ्या अपराधाविषयीच्या मौनाला. दुर्बलासाठी कठोर शब्द आणि सबलासाठी विस्मृती, असे जे वाटप २००० मध्ये झाले आणि २०१३ नंतर पुन्हा झाले, ते तपासून पाहण्याची गरज आहे.

रहाणे २०२३ मध्ये चेन्नईच्या संघात दाखल झाला आणि त्या वर्षी तो संघ विजेता ठरला. डोंबिवलीकरांना झालेला आनंद निर्भेळ होता आणि तो तसाच असावा. मात्र त्याच चाहत्याने आपल्या माणसाच्या खेळीवर टाळ्या वाजवितानाच त्याच्या संघाचा मालक कोण, नियम कोण करतो आणि ते कोणासाठी बदलले जातात, हेही विचारले पाहिजे. टाळी आणि प्रश्न यांत विरोध नाही. शेतावर ज्याचा जीव आहे, त्यानेच कुंपणाकडे पाहावयाचे असते.